रुग्णवाहिका लवकर पोहोचावी म्हणून नियंत्रण आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते याच्या आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मागच्या आठवड्यात १९ मिनिटं होती, या आठवड्यात २४ कशी झाली?" मग खुलासे मागवले जातात, कोणाला तरी बोलणी बसतात. पुढच्या आठवड्यात आकडा आपसूक २० वर येतो आणि सगळ्यांना वाटतं, बोललं म्हणून सुधारलं. या समजुतीत खूप कष्ट वाया जातात आणि खरा दोष तसाच राहतो. रुग्णवाहिकेच्या गाड्या, कॉल सेंटर किंवा तालुक्याचं आरोग्य सांभाळणाऱ्यांनी नियंत्रण आलेखाबद्दल वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

नियंत्रण आलेख म्हणजे नेमकं काय?

काळाच्या क्रमाने मांडलेले बिंदू आणि त्यांच्यावर तीन आडव्या रेषा. मधली रेषा सरासरीची. वरची आणि खालची रेषा सांगते की काहीही वेगळं घडलं नाही, तरी आकडा साधारण कुठपासून कुठपर्यंत हलत राहील. या दोन रेषा साहेबांच्या इच्छेवर किंवा सरकारी उद्दिष्टावर ठरत नाहीत, त्या तुमच्याच आकड्यांतून निघतात.

रोज त्याच वाटेने कामावर जाणाऱ्याला विचारा. कधी ३५ मिनिटं लागतात, कधी ४५. सिग्नल, पाऊस, शाळेच्या बस अशी त्याची पन्नास छोटी कारणं असतात आणि त्यातलं एकही सांगण्यासारखं नसतं. पण एखाद्या दिवशी दीड तास लागला तर तो घरात शिरता शिरता सांगतो, "पुलावर ट्रक उलटला होता." नेहमीची चढउतार कोणती आणि खास कारण कोणतं, हे त्याला अंगवळणी पडलेलं असतं. आलेख हेच काम आकड्यांवर करतो.

हे तर कारखान्यातलं तंत्र. रुग्णवाहिकेशी त्याचा काय संबंध?

तंत्र कारखान्यातलंच आहे. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असा पहिला आलेख काढून आपल्या वरिष्ठांना दिला. तिथली अडचण आपल्यासारखीच होती. मालात थोडा फरक दिसला की यंत्र हलवायचं, आणि हलवल्यामुळे फरक आणखी वाढायचा. भारतात हे फार पूर्वी येऊन पोहोचलं आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये इथे आले होते.

रुग्णवाहिका हीसुद्धा ठरलेल्या पायऱ्यांनी पुन्हा पुन्हा होणारी प्रक्रिया आहे: फोन, पत्ता, गाडी, रस्ता, रुग्ण. माणसं बदलतात, पायऱ्या बदलत नाहीत. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत अनेक रुग्णालयांच्या आणि रुग्णवाहिका सेवांच्या संचालक मंडळांपुढे आता हेच आलेख ठेवले जातात.

१०८ साठी शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटं ठरलेली आहेतच. वेळ पाळली की नाही एवढं बघून भागत नाही का?

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या होत्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. एवढ्या मोठ्या सेवेला उद्दिष्ट हवंच, ते नको असं कोणी म्हणू नये.

पण उद्दिष्ट फक्त कुठे पोहोचायचं ते सांगतं. तुमची यंत्रणा आज कुठे आहे, ती कशामुळे तिथे आहे आणि कालच्यापेक्षा आज काही बदललं का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. नुसत्या उद्दिष्टाच्या मागे लागलं की काय होतं ते इंग्लंडने अनुभवलं. तिथे जिवावर बेतलेल्या ७५ टक्के कॉलना ८ मिनिटांत पोहोचायचं असा नियम होता. नोंदी तपासल्या तेव्हा काही सेवांमध्ये ८ मिनिटांच्या अलीकडे कॉलचा ढीग आणि ८ ओलांडताच एकदम खड्डा दिसला. रस्त्यावरची खरी वाहतूक असा आकार कधीच काढत नाही. घड्याळ थांबवण्यासाठी एकाच रुग्णाकडे दोन-तीन गाड्या सोडायच्या आणि पहिली पोहोचली की बाकीच्या परत बोलवायच्या, हेही सर्रास चालायचं. त्या वेळात दुसऱ्या रुग्णाला गाडी मिळत नसे. अखेर २०१७ मध्ये तिथे मोजमापच बदललं. सगळ्यात गंभीर कॉलसाठी सरासरी ७ मिनिटं, आणि १० पैकी ९ कॉलना १५ मिनिटांत.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची?

रुग्णाच्या बाजूने. फोनची पहिली रिंग वाजल्यापासून डॉक्टरचा हात रुग्णाला लागेपर्यंत.

अनेक ठिकाणी घड्याळ गाडीला कॉल दिल्यावर सुरू होतं आणि गाडी दारात थांबली की बंद होतं, म्हणजे दोन्ही टोकं कापली जातात. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर कोणी दाब देत नसेल तर दर मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. ते मिनिट फोनवर गेलं की रस्त्यावर, याने त्याला काही फरक पडत नाही.

एकूण वेळेचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा आलेख ठेवा: फोन उचलेपर्यंत, पत्ता आणि आजार कळेपर्यंत, गाडी ठरेपर्यंत, कॉल मिळाल्यापासून चाक हलेपर्यंत, रस्त्यावरचा वेळ, आणि गाडी थांबल्यापासून रुग्णाजवळ जाईपर्यंत. शेवटचा तुकडा कोणी मोजतच नाही, तरीही शहरात तो फार मोठा असतो. सोसायटीच्या गेटवर वही भरा, मग लिफ्टची वाट बघा, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही म्हणून नवव्या मजल्यावरून जिन्याने उतरा.

ग्रामीण भागात पत्ता घेण्याचा तुकडा आधी बघा. फोनवर घाबरलेला मुलगा म्हणतो, "शिंदे वस्तीवर या, पाण्याच्या टाकीजवळ." तालुक्यात शिंदे वस्त्या चार. कोणती, असं विचारलं तर म्हणतो, "आमचीच." पलीकडे आजीला धाप लागलेली आहे आणि कॉल घेणारी मुलगी नकाशावर एकेक वस्ती शोधते आहे. तिची चूक काहीच नाही. वाड्या-वस्त्यांची नावं, जवळची शाळा, देऊळ, डांबरी रस्ता कुठे संपतो ही यादी तिच्या पडद्यावर कोणी दिलेलीच नाही. एकूण २४ मिनिटांचा आकडा हे कधीच दाखवत नाही. पत्त्याच्या तुकड्याचा आलेख दाखवतो.

मर्यादा काढायच्या कशा? गणित कठीण आहे का?

सातवीतल्या मुलाला जमेल. समजण्यासाठी एका लोकेशनचे, म्हणजे गाडी जिथे उभी असते त्या ठिकाणाचे, १२ आठवड्यांचे आकडे मनानेच घेऊ. प्रत्येक आकडा त्या आठवड्यातल्या कॉलचा मध्यक आहे, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी वेळ, मिनिटांत:

१८, २१, १९, २३, २०, १७, २२, १९, २४, २०, १८, १९

बेरीज २४०, सरासरी २०. आता लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक काढा, अधिक-उणे सोडून: ३, २, ४, ३, ३, ५, ३, ५, ४, २, १. या ११ फरकांची बेरीज ३५, सरासरी ३.१८. तिला २.६६ ने गुणा, ८.४६ येतात. सरासरीत ते मिळवले की वरची मर्यादा २८.५, वजा केले की खालची ११.५. झालं.

आता बैठकीतला प्रश्न पुन्हा बघा. "१९ वरून २४ कशी झाली?" काहीच झालं नाही. ही यंत्रणा आज जशी आहे तशीच चालू राहिली तर तिचा आकडा साधारण १२ ते २८ मध्ये कुठेही पडणार. त्या आठवड्याचा खुलासा मागणं म्हणजे नाणं चार वेळा छापा का पडलं, असं नाण्यालाच विचारणं आहे.

हा २.६६ कुठून आला? सरळ प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) का नाही घ्यायचं?

लागोपाठच्या दोन आकड्यांतल्या सरासरी फरकाला १.१२८ ने भागलं की नेहमीच्या चढउताराचा अंदाज मिळतो. त्याची तिप्पट, म्हणजे ३ भागिले १.१२८, म्हणजे २.६६. सगळ्या आकड्यांचं एकत्र प्रमाण विचलन घेतलं आणि मध्येच कुठे मोठा बदल झालेला असला, तर तो बदलही हिशेबात शिरतो आणि मर्यादा फुगतात. मग ज्या गोष्टीने ओरडायला हवं तीच लपून बसते.

सगळे बिंदू मर्यादेच्या आत आहेत. म्हणजे आमचं काम चांगलं चाललं आहे?

नाही! हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो, म्हणून ठासून सांगते. मर्यादेच्या आत असणं म्हणजे यंत्रणा स्थिर असणं, आणि स्थिर यंत्रणा स्थिरपणे वाईटही असू शकते. वरच्या उदाहरणात शहराचं उद्दिष्ट २० मिनिटांचं असेल, तर १२ पैकी ४ आठवडे ते चुकलं आणि पुढेही असंच चुकत राहणार. एकेका आठवड्याची झाडाझडती घेऊन हे बदलणार नाही. बदल यंत्रणेत करावा लागेल: गाडी कुठे उभी करायची, पाळी कधी बदलायची, पत्ता कसा घ्यायचा, रुग्णालयात रुग्ण सोपवताना गाडी किती वेळ अडकते.

एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेला तर?

मग मात्र लगेच उठा, महिनाअखेरीची वाट बघू नका. समजा तेराव्या आठवड्यात ३१ आले. त्या आठवड्याचे कॉल एकेक करून उघडा आणि त्या गाडीवरच्या पायलटशी, म्हणजे चालकाशी, बोला. बहुतेक वेळा उत्तर त्याच्याकडे तयार असतं. ओढ्यावरचा पूल कामासाठी बंद आहे, फेरा १४ किलोमीटरचा पडतो आणि ही गोष्ट कॉल सेंटरला कोणी कळवलेलीच नाही. खास कारण असं असतं. त्याला नाव असतं, तारीख असते आणि बहुधा उपायही असतो.

खालच्या मर्यादेबाहेर गेलेला बिंदूही तितक्याच उत्सुकतेने तपासा. कुठेतरी कोणी शहाणपणाने काही चांगलं केलं असेल, किंवा नोंदी बिघडल्या असतील.

मर्यादा ओलांडली नाही, पण काहीतरी बदललंय असं वाटतं. ते कसं ओळखायचं?

लागोपाठ ८ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले तर तो योगायोग समजू नका. समजा पूल दुरुस्त झाला आणि नंतर तुम्ही गाडीची उभी राहण्याची जागा तालुक्याच्या रुग्णालयातून हायवेच्या फाट्यावर हलवली. पुढचे आकडे आले: १७, १६, १८, १५, १७, १६, १८, १७. आठही २० च्या खाली. बदल खरा आहे असं आता छातीठोकपणे म्हणता येतं. नवी सरासरी १६.७५ आहे, इथून पुढे नव्या मर्यादा काढा. जुना भाग पुसू नका. आलेखाच्या कागदावर, बदल केला त्या दिवशी पेन्सिलीने एक उभी रेघ मारून "गाडी फाट्यावर" एवढं लिहा. दोन वर्षांनी अधिकारी बदलले, तरी ती रेघ बोलते.

उशीर झाला की आम्ही लगेच गाडीची जागा बदलतो. हे चूक का?

एका उशिरावरून जागा बदलली तर चूक. आज पूर्वेकडचा कॉल लांब पडला म्हणून गाडी पूर्वेला नेली. उद्या पश्चिमेचा कॉल आला, मग पश्चिमेला. गाडी नेहमी कालच्या अपघाताच्या मागे धावत राहते. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे दाखवण्यासाठी नरसाळ्यातून टेबलावर गोट्या सोडायचे. गोटी खुणेपासून जितकी चुकली तितकं नरसाळं दर वेळी उलट सरकवलं, तर गोट्या आधीपेक्षा जास्त पांगतात. नरसाळं हलवलंच नाही तर त्या खुणेभोवती राहतात. जागा बदलायची तर वर्षभराच्या कॉलचा नकाशा समोर ठेवून बदला आणि निदान ८ आठवडे तिथे टिका.

सरासरी घ्यावी, मध्यक घ्यावा की टक्केवारी?

एकेका कॉलच्या वेळा एका बाजूला लांब ओढलेल्या असतात. बहुतेक १५-२० मिनिटांच्या आणि मध्येच एक ७० ची. ती एक ७० आठवड्याची सरासरी ओढून नेते, म्हणून रोजच्या देखरेखीला मध्यक बरा. पण नुसत्या मध्यकावर थांबू नका, कारण तो ७० मिनिटं थांबलेल्या माणसाला पूर्ण विसरतो. सोबत दुसरा आलेख ठेवा: १० पैकी ९ कॉलना किती मिनिटांच्या आत पोहोचलो? गडचिरोलीतल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या वस्तीचं दुखणं पहिल्या आलेखात कधीच दिसणार नाही, दुसऱ्यात दिसेल. लांबलेले कॉल "अपवाद" म्हणून यादीतून काढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

लोकेशनची क्रमवारी लावावी का? वेळेत पोहोचलेल्या कॉलच्या टक्क्यांवरून?

क्रमवारीने फार अन्याय होतो. समजा सगळीकडे खरी कामगिरी सारखीच, ८० टक्के आहे. महिन्याला १०० कॉल असलेल्या लोकेशनवर निव्वळ योगायोगाने आकडा ६८ ते ९२ टक्क्यांत कुठेही पडेल. २५ कॉल असलेल्या छोट्या लोकेशनवर ५६ पासून थेट १०० पर्यंत. म्हणजे यादीत सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली दोन्हीकडे छोटी लोकेशनच येणार. एका महिन्यात त्यांचा सत्कार, पुढच्या महिन्यात नोटीस. प्रत्येक लोकेशनला त्याच्या कॉलच्या संख्येप्रमाणे मर्यादा काढा आणि जे खरोखर बाहेर आहे त्याचीच दखल घ्या.

उलट, अख्ख्या राज्याचे हजारो कॉल एकत्र घेतले तर कॉलच्या संख्येवरून काढलेल्या मर्यादा इतक्या अरुंद होतात की रोज काहीतरी बाहेर दिसतं. तिथे टक्केवारीच्या आकड्यांवर वरची २.६६ वाली पद्धतच वापरा.

पावसाळा, गणपती, वारी यांचं काय करायचं?

यांना अचानक आलेलं संकट म्हणता येत नाही, ते येणार हे माहीतच असतं. आलेखावर त्यांचा वेगळा रंग ठेवा. पालखी दिवे घाटातून जाते तेव्हा रस्ता बंद असतो, पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या दिवसांचे बिंदू नेहमीच्या मर्यादा काढताना बाजूला ठेवा, पण त्यांचा स्वतंत्र हिशेब ठेवा.

इथे एक खाचखळगा आहे. "गेल्या वर्षीचा हाच आठवडा" अशी तुलना करताना आपले सण तिथीने येतात हे विसरू नका. अधिक महिना आला की आषाढी एकादशी गेल्या वर्षीच्या तारखेपासून तीनेक आठवडे सरकते. तारखेने तुलना केली तर वारीचा आठवडा साध्या आठवड्यासमोर उभा राहतो. तिथीने लावा.

दिवस आणि रात्र वेगळी ठेवा. शहर आणि खेडंही वेगळं. मुंबईत ऑगस्ट २०१७ पासून दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाल्या. गल्लीबोळात त्या चारचाकीपेक्षा लवकर शिरतात, पण रुग्णाला नेण्यासाठी मागून गाडी लागतेच. दोघांच्या वेळा एकाच आलेखात मिसळल्या तर सगळं सुधारलं असा भास होतो.

नोंदीच खोट्या असतील तर?

त्याआधी स्वतःला विचारा: खरं लिहिलं तर आमच्याकडे काय होतं? चौकातून वळतानाच "पोहोचलो" चं बटण दाबलं जातं, कारण उशिराची नोटीस येते. नोटिसा बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आकडे बिघडलेले दिसतात. त्या वेळी घाबरू नका. तोवर झाकलेलं खरं आता दिसू लागलेलं असतं. जीपीएसच्या वेळेशी बटणाची वेळ अधूनमधून ताडून बघा आणि दोन्हीत फरक असेल तर माणूस पकडण्याऐवजी व्याख्या तपासा. "पोहोचलो" म्हणजे गल्लीच्या तोंडाशी की दारात, हे कित्येक ठिकाणी कोणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं.

यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का?

आलेखाचा कागद, पट्टी, पेन्सिल. एक्सेलमध्ये सरासरी आणि वजाबाकी येत असेल तर तेही चालेल. मी तर म्हणेन, पहिले तीन महिने हातानेच काढा आणि गाडीवरचे डॉक्टर, पायलट येता-जाता बघतील अशा भिंतीवर लावा. बिंदू कोणी टाकायचा, हे त्यांच्यातच ठरू द्या.

अग्निशमन दलाला हेच चालतं का?

चालतं, आणि तिथे तुकडे पाडण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेतल्या पूर्णवेळ अग्निशमन दलांसाठीच्या मानकात आगीच्या कॉलवर गणवेश चढवून निघायला ८० सेकंद आणि पहिल्या बंबाला पोहोचायला ४ मिनिटं अशा वेगळ्या वेळा दिल्या आहेत. आपल्या जुन्या पेठांमधली बोळं आणि कशाही लावलेल्या गाड्या बघता ती ४ मिनिटं जशीच्या तशी उचलू नयेत. निघण्याच्या सेकंदांचा आलेख मात्र कोणतंही केंद्र आजपासून ठेवू शकतं.

आम्ही साधे नागरिक. आमच्या हातात काय आहे?

एकूण वेळेतला पत्त्याचा आणि सगळ्यात शेवटचा असे दोन तुकडे तुमच्या हातात आहेत. फोनवर आधी गाव आणि तालुका सांगा, मग वस्ती, मग सगळ्यांना माहीत असलेली खूण. फोन ठेवू नका, समोरचा सांगेल ते करत राहा. घरात दोन माणसं असतील तर एकाला डांबरी रस्त्याच्या फाट्यावर पाठवा, रात्री हातात बॅटरी देऊन. सोसायटी असेल तर वॉचमनला गेट उघडं ठेवायला सांगा आणि लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवा.